माळ उतरत गेली, कावीळ चढत गेली

मी काविळीची माळ देत असे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं माझ्या पोटावरच्या टाक्यांचं वाचताना कुणाला माझी फार कीव यायला नको.

पारनेरपासून दोन कोसांवर आमचं गाव. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर, म्हणून मी साऱ्या गावाची मास्तरीणबाई. पण आसपासच्या दहा-बारा गावांत मला ओळखत ते माळेमुळं. रविवारी आणि बुधवारी सकाळी आमच्या ओट्यावर पिवळ्या डोळ्यांची माणसं येऊन बसायची. मी घेटुळीची, म्हणजे पुनर्नव्याची, ओली मुळं बोटाच्या पेराएवढी तोडायची, कच्च्या सुताच्या वेढ्यांत एकेक अडकवून त्यांची माळ करायची आणि माणसाच्या डोक्यावर टोपीसारखी बसवायची. दोन-तीन दिवसांत ती कानांवरून घसरून गळ्यात यायची, मग छातीवर, मग बेंबीपर्यंत. माळ उतरेल तशी कावीळ उतरते, असं सगळे म्हणत. मीही म्हणत असे. मोबदला म्हणून नारळसुद्धा घ्यायचा नाही, हा सासूबाईंच्या घराण्याचा दंडक. दुसरा दंडक असा, की अंगावर माळ आहे तोवर दुसरं औषध चालत नाही. डॉक्टरची पायरी चढायची नाही.

सासूबाईंनी मला माळ शिकवली तेव्हा मी विचारलं होतं, “अहो, ओली मुळं वाळली की आखडणारच. मग वेढे ढिले पडून माळ आपोआप लांबेल की!” त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी मुकाट्यानं खाली मान घातली. “असलं विचारायचं नसतं,” एवढंच म्हणाल्या. म्हणजे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. कळलं, आणि मी ते बाजूला ठेवून दिलं. बहुतेक माणसं बरी व्हायचीच. साधी कावीळ पथ्यानं आणि पडून राहिल्यानं जाते, हे मला फार पुढं समजलं. तेव्हा वाटायचं, माझ्याच हाताला गुण आहे. लोक पाया पडायचे, आणि पाया पडून घ्यायची सवय फार लवकर लागते.

*

आता रखमाचं. खरं तर हे तिच्यासाठीच लिहायला बसले आहे.

रखमा आमच्याच गावची लेक. तिची आई गयाबाई, ओढ्याकाठी त्यांचा मळा. सासर सुप्याकडं, नवरा दगडू सरळ माणूस. रखमा कामाला वाघीण आणि तोंडानं फटकळ. “मास्तरीनबाई, नाक जरा खाली ठिवा, पावसाचं पानी शिरंल,” असं मला तोंडावर म्हणायची छाती गावात एकट्या तिची होती. मला राग यायचा आणि हसूही यायचं.

ती आजारी होऊन माहेरी आली ती माझ्या माळेसाठीच. आधी बरगडीखाली कळा यायच्या, मग डोळे पिवळे झाले. मी माळ घातली. ती भराभर उतरली, पण डोळे काही निवळेनात. दुसरी घातली, तिसरी घातली. अंगाला खाज इतकी की ती दाणे काढलेल्या कणसाच्या बुरकुंडानं हातपाय घासायची, रक्त निघेपर्यंत. एकदा माझ्या कानाशी लागून, लाजत म्हणाली, “परसाकडंला पांढरं व्हतंय हो, राखंवानी.”

मी काय सांगावं? “कावीळ बाहेर पडतेय. चांगलं लक्षण आहे.” कुणी शिकवलं नव्हतं मला हे. तोंडाला आलं ते ठोकून दिलं.

दगडूनं एका सकाळी गाडी जुंपली. नगरच्या दवाखान्यात न्यायचं म्हणाला. रखमा भिंतीला धरून धरून आमच्या ओट्यापर्यंत आली. “आई म्हनली, मास्तरीनबाईंना इचारून ये. माळ काढू का? तिकडं डाक्टर काढायला लावतील.”

ओट्यावर चार माणसं बसलेली. त्यांच्यादेखत मी म्हणाले, “काढायची तर काढ बाई. पण मधेच माळ तोडलीस तर मी जबाबदार नाही.”

दगडूनं बैल सोडले. त्यानंतर रखमा अठरा दिवस जगली. शेवटी थंडी वाजून ताप यायचा, हिरड्यांतून रक्त यायचं. मी भेटायला गेले होते. तिची माळ पायांपर्यंत आली होती. गयाबाईनं डोळे पुसत मला म्हटलं, “तुमी कावीळ तर उतरवली. तिचं आयुक्शच न्हवतं.” आणि मी मान डोलावली.

*

पुढच्या दिवाळीत माझी पाळी आली. चार चकल्या खाल्ल्या असतील नसतील, उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की मी चुलीपुढंच वाकडी झाले. कळ पाठीतून खांद्यापर्यंत चढली. ओवा खाल्ला, हिंग चोळला, शेकलं. थांबली. आठ दिवसांनी पुन्हा. तिसऱ्या खेपेनंतर एका सकाळी हे अंगणात दाढी करत होते. आरशातून माझ्याकडं पाहून म्हणाले, “अगं, जरा उजेडात ये बघू.” मी गेले. त्यांनी माझी पापणी ओढून पाहिली आणि वस्तरा तसाच हातात धरून उभे राहिले.

मग खाज सुटली. तळहात, तळपाय, कुठं कुठं म्हणून खाजवावं! मी ओट्याच्या दगडी कडेवर पाय घासत बसायची. आणि एके दिवशी निवडुंगाच्या कुंपणाआड गेले तेव्हा मला दिसलं. राखेसारखं पांढरं. लिहायला लाज वाटते, पण न लिहून कसं चालेल? रखमानं कानात सांगितलं होतं, अगदी तसंच. तिचं पुढं काय झालं ते मला पाठ होतं.

तरी मी घरी येऊन माळच ओवायला बसले. खोटं कशाला बोलू? दवाखान्यात गेले तर गाव म्हणेल, लोकांना माळ आणि स्वतःला डॉक्टर! मला जिवापेक्षा नाक मोठं होतं. रखमा उगाच म्हणायची नाही.

माळ देणाऱ्यानं आपली आपण घालायची नसते, म्हणून ती मी ह्यांच्या हातून डोक्यावर घालून घेतली. ह्यांना माळेचं इंगित मी लग्नानंतर दोन वर्षांतच सांगितलं होतं. तेव्हा आईचं घराणं म्हणून तेही गप्प बसले होते. आताही गप्पच राहिले. मुलांना नणंदेकडं धाडलं.

माळ चौथ्या दिवशी गळ्यात आली, सातव्या दिवशी छातीवर, दहाव्या दिवशी बेंबीला टेकली. बायका बघायला यायच्या. “उतरली हो मास्तरीनबाई!” म्हणायच्या. मी हसायची. लघवी हळदीच्या पाण्यासारखी, अन्नाचा वास सोसत नव्हता, अंग ओरबाडून ओरबाडून पदराखाली रक्ताचे चट्टे पडलेले, आणि मी आपली हसतेय!

बाराव्या दिवशी दुपारी थंडी वाजून ताप भरला. तीन गोधड्यांखाली दात वाजत होते. हे शाळेतून तसेच आले, कपाटातला बोरू तासायचा चाकू घेतला आणि माझ्या गळ्याशी आणला.

“मधेच तोडलीत तर मी जबाबदार नाही,” मी म्हणाले. तोंडात तेच वाक्य बसलेलं.

“नको होऊस,” हे म्हणाले. “मी होतो.” आणि त्यांनी माळ कापली.

*

बैलगाडीनं पारनेर, तिथून मोटार. लढाईचे दिवस, पेट्रोल नाही, कोळशावर चालणारी ती मोटार चढ आला की दम खायची. प्रत्येक खड्ड्याला माझ्या बरगडीत सुरी फिरायची. सुपं सोडल्यापासून हे दर थोड्या वेळानं म्हणत होते, “आलंच नगर.” केडगाव दिसलं तेव्हा म्हणाले, “आता खरंच आलं.” मला त्या स्थितीतही हसू आलं आणि हसल्यानं जास्तच दुखलं.

दवाखान्यात एक डॉक्टरबाई होत्या, माझ्याहून लहान, चष्मा लावलेल्या. त्यांनी पोट दाबायच्या आधी प्रश्न विचारले, आणि एकेक प्रश्न असा की जणू रखमा त्यांच्या कानात सांगत होती.

“आधी काय झालं? दुखलं की पिवळं झालं?”

“दुखलं.”

“खाज सुटते?”

“हो.”

“शौचाचा रंग? राखेसारखा?”

मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे छताकडं पाहायला लागले. “हो,” मी म्हणाले.

“थंडीताप केव्हा आला? कालच? आणि एवढे दिवस काय केलंत?”

“गावठी औषध.” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

“माळ घातली होती ना?” त्यांनी माझ्या मानेवरचा सुताचा वळ पाहिला होता. मग कागदावर लिहिता लिहिता म्हणाल्या, “ह्या माळा देणाऱ्यांना एकदा इथं आणून वॉर्ड दाखवायला पाहिजे.”

त्या रागावून बोलत नव्हत्या, रोजचं बोलावं तसं बोलत होत्या. ह्यांनी तोंड उघडलं, पण मी त्यांचा सदरा ओढला. धरणीनं पोटात घ्यावं म्हणजे काय ते मला त्या बाकावर कळलं. ह्यांनी तोंड मिटलं, आणि त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून एक खोटं सांभाळलं.

*

बायकांच्या वॉर्डात आम्ही तिघी पिवळ्या होतो. माझ्या डावीकडं यमुना, विशीतली. उजवीकडं भागीरथीआजी, शिंगणापूरकडच्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी मला समजावलं ते आधी इथं लिहिते, कारण ते मला कुणी वर्षभर आधी सांगितलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून पाठ सोडत नाही.

त्या म्हणाल्या, “पित्त यकृतात होतं आणि एका बारीक नळीनं आतड्यात जातं. शेतातला पाटच समजा. साध्या काविळीत पाट मोकळा असतो, विहीरच आजारी असते, ती सावकाश बरी होते. पण पाटच तुंबला तर पाणी मागं फुगतं, अंगभर पसरतं. म्हणून खाज. आणि पुढं पित्त पोचत नाही, म्हणून शौचाचा रंग जातो.”

“कशानं तुंबतो?”

“कशानंही. तुमच्यात बहुधा खडा असावा. यमुनाच्या पाटात जंत शिरला होता, मागच्या आठवड्यात काढला.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “आजींचा पाट बाहेरून गाठीनं दाबलाय. पोट उघडलं आणि तसंच शिवलं. आणि कधी कधी आधीच्या ऑपरेशनच्या जखमेनं पाट आवळला जातो, तशीही माणसं येतात. तुंबलेला पाट पथ्यानं मोकळा होत नाही. माळेनं तर नाहीच.”

मी विचारलं, “वर्षभरापूर्वी एक बाई होती ओळखीची. तिला असंच सगळं. ती वाचली असती?”

“बघितल्याशिवाय कसं सांगू? खडा असता तर कदाचित. वेळेत आली असती तर.”

एवढंच. त्यांनी ‘हो’ म्हटलं असतं तर मी रडून मोकळी झाले असते, ‘नाही’ म्हटलं असतं तर सुटले असते. ‘कदाचित’ ह्या शब्दाला काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

भागीरथीआजींना त्यांच्या गाठीचं कुणी सांगितलं नव्हतं. हातात जपमाळ नाही की काही नाही, नुसत्या छताकडं बघत पडायच्या. एकदा माझ्याकडं वळून म्हणाल्या, “तू कुटली गं बाई?”

“पारनेरकडची.”

त्यांचे पिवळे डोळे एकदम उजळले. “तिकडं कुनी मास्तरीन हाय म्हन्त्यात. तिची माळ लई गुनाची. ल्येकाला म्हनले हुते, ने बाबा मला तिकडं. पन लांब पडतं. तिच्यापत्तुर पोचले असते तर ही येळ आली नसती बघ.”

मी भिंतीकडं तोंड फिरवलं.

“तू बघितलीस का गं तिला?” आजींनी विचारलं. “कशी हाय?”

“काही खास नाही,” मी म्हणाले. तीन दिवसांनी त्यांच्या मुलानं त्यांना घरी नेलं. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. सांगायचं धैर्य मला तेव्हाही झालं नाही.

*

ऑपरेशन लगेच झालं नाही. तुंबलेल्या काविळीत रक्त गोठत नाही म्हणे, म्हणून आधी रोज सुया. दिवस दवाखान्याच्या घंटेवर चालायचा. सकाळी ताप पाहायचा, मग अंग पुसायचं, मग मोठे डॉक्टर फेरीला यायचे. सगळ्या बायका पदर सारखा करून शाळेतल्या मुलींसारख्या गप्प.

शांताबाई नावाच्या नर्स माझ्याकडं असत. ख्रिस्ती, पाथर्डीकडच्या, भरदार आवाजाच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पाणी पुढं केलं तेव्हा मी “ह्यांनी आणलंय तांब्यात” म्हणून तोंड फिरवलं होतं. त्यांना समजलं. दुसऱ्या दिवशी तापात मी अंथरूण खराब केलं, आणि ज्या हातचं पाणी मला चालत नव्हतं त्या हातांनी त्यांनी मला आईनं पुसावं तसं पुसलं. “बाई, मला माफ करा,” मी म्हणाले. “माफ कसली, कूस वळवा,” त्या म्हणाल्या. मग मी त्यांच्याकडं पाणी मागितलं. ते पाणी इतकं गोड लागलं, काय सांगू!

ऑपरेशनच्या सकाळी हे माझा हात धरून बसले. मी म्हणाले, “मी गेले तर गयाबाईला तुम्ही सांगा.” हे म्हणाले, “मी नाही सांगणार. तुझं तू सांगायचं. म्हणून परत यायचं.” एरवी ह्यांना साधी तक्रार करता येत नाही, त्या दिवशी कुठून बळ आलं कुणास ठाऊक. मग तोंडावर गुंगीच्या औषधाची जाळी आली, गुळचट उग्र वास आला आणि मी अंक मोजता मोजता बुडाले.

शुद्ध आली तेव्हा पोटातून रबराची एक नळी बाहेर आली होती आणि पलंगाखालच्या बाटलीत हिरवट-पिवळं पाणी थेंब थेंब पडत होतं. अंगभर कोंडलेलं ते हे पित्त. एका लहान बाटलीत खडा ठेवला होता, सीताफळाच्या बीएवढा, तपकिरी. असल्याच एवढ्याशा खड्यानं कदाचित रखमाचा घास घेतला, आणि हा माझाही घेणार होता! मी तो हातात घेऊन खूप वेळ बसले. चौथ्या दिवशी खाज थांबली. खाज नसणं म्हणजे केवढं सुख, हे ज्याला सुटली त्यालाच कळेल. मी रखमाच्या वाटचंही सुख भोगतेय असं वाटून मला ते नीट भोगताही येईना.

शांताबाई बाटली रिकामी करायला आल्या तेव्हा मी बोलून टाकलं. माळ, आखडणारी मुळं, रखमा, दगडूची गाडी, सगळं. त्या बाटली हातात धरून ऐकत राहिल्या.

“माहीत नसताना झालं म्हणायचं,” त्या म्हणाल्या.

“माहीत होतं. माळ कशानं लांबते ते माहीत होतं.”

“मग मला सांगून काय उपयोग?” त्या म्हणाल्या आणि बाटली लावून निघून गेल्या. त्यांनी धीर दिला नाही ह्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

*

माघात मी घरी आले. डोळे पांढरे, अंग हलकं, पोटावर वीतभर वण. आणि गावानं काय ठरवलं होतं? मास्तरीणबाईंची कावीळ माळेनंच उतरत आणली होती, मास्तरांनी मधेच कापली म्हणून बिचारीचं पोट फाडायची पाळी आली! शाळेतून येता-जाता ह्यांना लोक ऐकवायचे. हे मला काही सांगत नसत. मला शेजारणीकडून कळलं. ज्या माणसानं मला वाचवलं त्याला शिव्या, आणि मला मान!

पहिल्या रविवारी ओट्यावर दोन माणसं येऊन बसली. मी “अजून अशक्त आहे” म्हणून आत गेले. बुधवारीही तेच. ह्यांनी फक्त पाहिलं. तिसऱ्या रविवारी मी पहाटेच उठले, घेटुळीची मुळं तोडली आणि माळ ओवली. एक रिकामा कोरडा माठ ओट्यावर पालथा घातला आणि त्याच्या गोल बुडावर माळ बसवली, माणसाच्या डोक्यावर बसवतात तशी. आलेल्यांना म्हटलं, बुधवारी या, मग सांगते.

बुधवारी सगळ्यांत आधी गयाबाई आली. सोबत तिचा मुलगा महादू, डोळे पिवळेधमक.

“लेकाला माळ घाला मास्तरीनबाई,” ती म्हणाली. “रखमाची उतरवली तशी ह्याचीबी उतरवा.”

मी महादूला डॉक्टरबाईंचे प्रश्न विचारले. पोटात कळ? नाही. खाज? नाही. पांढरं? नाही. साधी असणार, पडून राहिल्यानं जाईल अशी. माळ घातली असती तर आठ-पंधरा दिवसांत उतरली असती, तोही बरा झाला असता, गयाबाईही सुखात राहिली असती आणि मीही. मनात आलं तसं. नाही कशाला म्हणू?

“गयाबाई,” मी म्हणाले, “तो माठ बघ. रविवारी माळ त्याच्या बुडावर होती.”

माळ माठाच्या पोटापाशी घसरली होती. तिनं वाकून पाहिलं. “माठाला कशापायी घातली?”

“ह्या माठाला कावीळ नाही. माळ नुसतीच उतरते. मुळं वाळतात आणि ढिली पडते. कुणाच्याही डोक्यावर घातली तरी उतरते. महादूला पारनेरच्या डॉक्टरकडं ने. आणि रखमाला मी जाऊ द्यायला हवं होतं. मी अडवलं. तिचंही माझ्यासारखंच होतं.”

ओट्यावर बसलेले सगळे ऐकत होते. मला वाटलं गयाबाई किंचाळेल, माठ फोडेल. तिनं माळेला एक बोट लावलं, महादूचा दंड धरला आणि निघून गेली.

*

महादू बरा झाला. माझ्याकडं लोक येणं हळूहळू कमी झालं. काहींनी दुसऱ्या गावचा माळवाला शोधला, काही मला डाकीण म्हणाले. येतात त्यांना मी तेच तीन-चार प्रश्न विचारते. आधी कळ आली, मग डोळे पिवळे, खाज, राखेसारखं पांढरं, नाहीतर थंडीताप, ह्यांतलं काही असलं तर मी त्यांना उभ्या उभ्या नगरला धाडते. तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हीही तेच करा. लाजू नका. ती लाज मी पुरेशी भोगली आहे.

पंधरा दिवसांनी भर दुपारी गयाबाई एकटी आली. मी सुपात गहू निवडत होते. तिनं पदराखालून एक पुरचुंडी काढून माझ्यासमोर सोडली. आत रखमाची माळ होती, वाळून काड्या झालेली, लांबलचक. खरं तर उतरलेली माळ वाहत्या पाण्यात सोडायची असते.

“लेक गेली तवा ही तिच्या पायापत्तुर आलती,” गयाबाई म्हणाली. “म्या काढून देवापाशी ठिवली. रोज बघायची. म्हनायची, कावीळ तर उतरली हुती माज्या पोरीची, आपल्याकडनं काय कमी पडलं न्हाई. ह्येच्यावर वरीस काढलं म्या.”

“गयाबाई, मला शिव्या दे. काहीतरी बोल.”

“तुमाला काय बोलू?” तिचा आवाज चढला नाही. “दगडूनं गाडी जुपली हुती. पोर गाडीत बसत हुती. म्याच म्हनले, मास्तरीनबाईंना इचारून ये.”

ती उठली आणि गेली. सूप माझ्या मांडीवर तसंच होतं. मी स्वतःचं पाप उतरवायला गेले आणि ते तिच्या डोक्यावर ठेवून आले, हे मला ती फाटकाबाहेर पडल्यावर कळलं.

टाक्यांचा वण ओढत होता तरी मी उठले. अनवाणीच धावले, म्हणजे धावता येईल तेवढी. ती ओढा उतरून बांधावर चढली होती. मळ्यात बायका खुरपत होत्या, सगळ्यांनी माना वर केल्या. मास्तरीणबाई डोक्यावर पदर नसताना रस्त्यावर कधी कुणी पाहिली नव्हती.

“गयाबाई!” मी ओरडले. “विचारायला पाठवलंस त्यात तुझं काही चुकलं नाही! जिला विचारलं ती खोटं बोलली! मी खोटं बोलले!”

बायकांची खुरपी थांबली. गयाबाई वळली नाही. पण ती थांबली, आणि मी तिच्यापर्यंत पोचेतो तिथंच उभी राहिली.